दवबिंदूचं पहिलं बिऱ्हाड

९ जानेवारी, दुपार

चि. टिटवीस,

आजोबांचे आशीर्वाद. तुझी आई आणि मी, आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तू तिकडे वेळेवर जेवतेस असं धरून चालतो; जेवत नसलीस तर या पत्रापुरतं तरी खोटं बोल.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन नवं आहे, त्याचं आणि माझं अजून जमत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजोबा, मला नोकरी सोडून घरी यायचंय. तुम्ही फक्त एकदा 'ये' म्हणा. तुम्ही म्हणालात की आई काही बोलणार नाही." मी "दारावर कोणीतरी आलंय" असं सांगून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. तुझा आवाज भरून आला की माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही, म्हणून हे पत्र. पत्रात माणसाला मधेच थांबता येतं, खिडकीबाहेर बघता येतं.

तर आधी आपल्या खेळाचं सांगतो.

जाताना संगणकावर तो राज्य वसवायचा खेळ लावून दिलास, ते फार बरं केलंस. निळं राज्य तुझं, हिरवं माझं. तुझी फेरी संपली की माझी, माझी संपली की तुझी, आणि मधे कितीही दिवस गेले तरी खेळ मुकाट वाट बघत बसतो. असा सोशिक सोबती या वयात मिळणं कठीण. सुरुवातीला सगळा नकाशा ढगाखाली झाकलेला, फक्त आपल्या राजधानीभोवतीची चार शेतं आणि एक टेकडी उघडी. मी सारी नोकरी नकाशा-कचेरीत काढली, पण असा नकाशा कधी पाहिला नव्हता. आमच्या टेबलावर यायचं ते आधी कोणीतरी चालून, मोजून आलेलं असायचं. मी न पाहिलेल्या नद्या निळ्या शाईने गिरवायचो आणि मनातल्या मनात शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. एकदा एका नदीला अशीच दोन वळणं जास्त पडली, कारण कडव्यात दोन ओळी जास्त होत्या. साहेबांनी कागद परत पाठवला होता.

राजधानीला मी 'दवबिंदू' नाव दिलं तेव्हा तू किती हसली होतीस.

"आजोबा, राजधानीचं नाव दवबिंदू? ऊन पडलं की संपलं की!"

"पडेपर्यंत चमकतो ना? मग झालं तर."

"तुमच्या राज्यात कविता पिकणार, धान्य नाही. लिहून ठेवा."

आणि मग तू मला पहिला धडा दिलास. शहर थोडं वाढलं की लगेच एक बिऱ्हाड तयार करून बाहेर काढायचं, पाणी बघून दुसरं गाव वसवायचं. उशीर केला की शेजारचे राजे सगळी जागा बळकावतात. (तू त्या बिऱ्हाडाला दुसरंच काहीतरी म्हणत होतीस. मला बैलगाडीवर लादलेली भांडीकुंडी बघून बिऱ्हाडच आठवलं.) मी ऐकलं. पण एवढ्या घाईत ऐकलं की सोबतीला पहारेकरी द्यायचं राहून गेलं. बिऱ्हाड ढगात शिरलं, आणि पुढच्या फेरीत लुटारूंनी ते धरून नेलं. किती साधी चूक! त्या गाडीवर एक पिंजरासुद्धा होता, मी नीट पाहिला होता.

तेव्हापासून दवबिंदू एकटंच आहे.

आईला तुझ्याकडे चार दिवस यायचं होतं, पण सध्या प्रयोगशाळेत कवळ्यांची कामं फार आली आहेत. सगळ्या गावाचे दात एकदमच पडलेत म्हणे.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर पुढच्या पत्रात देतो. आज पेन चालत नाही.

तुझे,
आजोबा


२३ जानेवारी, सकाळ

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर मधोमध दोनच वाक्यं: "दवबिंदूचं कळलं. माझं काय?" तुझी आईही अशीच. सरळ नाडीवर बोट ठेवते.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस तेही वाचलं. मोजणीच्या यंत्राची पातळी नीट न साधता तू मापं घेतलीस, रस्त्याच्या सगळ्या खुंट्या हातभर सरकल्या, त्या उपटून पुन्हा ठोकाव्या लागल्या, आणि मोठे इंजिनिअर सगळ्यांसमोर म्हणाले, "मोजायला आलीस की फिरायला?" मग तू अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलीस. पोरी, मला ती खोली दिसली. दोऱ्यांचे गुंडाळे, चुन्याची पोती, आणि त्यांच्यात तू. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर परतलं की खिडकी उघडते ती समोरच्या भिंतीवर. बोलायला कोणी नाही. असं असताना घर आठवणार नाही तर काय!

तुझी खोली मी झाडून घेतली. चादर बदलली. आई दारात उभी राहून बघत होती.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

"धूळ बसते."

"धूळ बैठकीतही बसते, बाबा. तिथे नाही कधी झाडलंत."

तिच्यापुढे माझं काही चालत नाही. ती जाताना एवढंच म्हणाली, "तिने तुम्हाला विचारलंय, मला नाही. तुम्हीच काय ते सांगा. पण तिच्याकडे बघून सांगा, रिकाम्या खोलीकडे बघून नको." आणि डबा घेऊन कामावर गेली.

खेळाचं म्हणशील तर मी अडकलोय. दवबिंदूच्या वस्तीचा आकडा आता तीन झाला आहे. नवं बिऱ्हाड तयार करायला घेतलं, होत आलं, आणि तेव्हा मला त्या खेळातली एक गोष्ट कळली. मागच्या वेळी घाईत ती दिसलीच नव्हती. बिऱ्हाड बाहेर पडलं की शहराचा आकडा एकने कमी होतो. तीनचे दोन. ती माणसं आभाळातून येत नाहीत, याच घरांतून उठून जातात. मी हुकूम बदलला आणि कोठार बांधायला सांगितलं. कोठार झालं. पुन्हा बिऱ्हाडाचा हुकूम दिला, पुन्हा होत आलं, पुन्हा बदलला. तट बांधला. आता मंदिरासारखं काहीतरी बांधतोय, त्याचा उपयोग काय हे मलाही ठाऊक नाही.

दरम्यान पूर्वेच्या टेकडीवर लाल राजाचं गाव उभं राहिलं. दक्षिणेचं माळरानही गेलं. नदीच्या वळणाशी एक जागा तेवढी शिल्लक आहे.

खालच्या दुकानातले शिंपीकाका वर आले होते, ते संगणकाच्या पडद्यावर वाकून म्हणाले, "आजोबा, एवढा भक्कम तट. आत कोण राहतं?"

"तीन माणसं."

"तिघांसाठी एवढा? मग तुम्ही राजे नाही, वॉचमन."

त्यांनी माझ्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्टी लावून दिली आहे. नवी फॅशन म्हणतात.

अक्षराबद्दल तू विचारलंस. पेन बदललं, तरी सुधारत नाही. थंडीही आहे.

आणखी एक सांगतो. बिऱ्हाड बाहेर पडल्यावर ते पुन्हा त्याच शहरात मिसळून आकडा पूर्ववत करता येतो का, हे बघायला मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. अशी कळ सापडली नाही. तुला ठाऊक असेल तर कळव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही, हे मला माहीत आहे. माझ्यावर चिडलीस तरी चालेल. जेवण मात्र चुकवू नकोस.

तुझे,
आजोबा


१४ फेब्रुवारी, दुपार

माझ्या टिटवीस,

पोटभर आशीर्वाद.

आज अक्षर ओळखीचं वाटेल. उजव्या हाताने लिहितोय. मागची दोन्ही पत्रं डाव्या हाताची होती.

तू गेलीस त्याच आठवड्यात न्हाणीघरात माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. काल प्लास्टर काढलं. आत हात वाळक्या काटकीसारखा निघाला, पण माझाच आहे, बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं लिहा. म्हणून तुलाच लिहायला बसलो. घाबरू नकोस आणि आईवर रागावू नकोस. तुझ्याकडे यायचं तिचं राहिलं ते या हातामुळे, कवळ्यांमुळे नाही. तुला काही कळवू नकोस असं मीच तिला सांगितलं होतं.

ती म्हणाली होती, "कळलं तर उद्याच्या गाडीने येईल ती."

"म्हणूनच," मी म्हणालो.

तोंडाने म्हणालो. मनात मात्र तीच गाडी येताना दिसत होती. तू सामान घेऊन जिना चढतेस, "आजोबा, काय हे!" म्हणून ओरडतेस, हे सगळं मी इतक्या वेळा पाहिलं की मला ते पाठ झालं, कवितेसारखं. मला 'ये' म्हणायचीही गरज नव्हती. हात मोडला एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मी लिहिलंसुद्धा. तुला मिळालेल्या पहिल्या पत्राच्या आधी एक पत्र होतं. पाकीट चिकटवून शिंपीकाकांकडे टाकायला दिलं, आणि मग कठडा धरून जिना उतरून परत मागून घेतलं.

"तिकीट लावलंय, वाया जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"राजे, तुमचं काही कळत नाही बुवा."

माझं मलाही कळत नव्हतं. तुला जाऊ द्यायचं हे एकदा स्टेशनवर हात हलवून संपत नाही. रोज सकाळी उठून नव्याने करावं लागतं. काही दिवशी मला ते जमलं, काही दिवशी तट बांधत बसलो.

काल प्लास्टर काढून आलो आणि चहा घेताना आईला म्हणालो, "तू जा तिच्याकडे. महिनाभर राहा."

"आणि तुम्ही?"

"मला दोन हात आहेत."

"कालपर्यंत एक होता."

"म्हणून तर आज सांगतोय."

"बाबा, चहा केल्यावर गॅस बंद करायचं तुमच्या लक्षात राहत नाही."

"शिंपीकाकांचं नाक चांगलं आहे."

ती हसली नाही. कप विसळत पाठमोरी उभी राहिली. नळ बराच वेळ वाहत होता. मग म्हणाली, "तिच्या खोलीत दुसरी गादी मावेल का?" रविवारच्या गाडीने ती निघते आहे.

पोरी, पहिल्या खेपेला मी चूक केली ती बिऱ्हाड धाडण्यात नव्हती. ते एकटं धाडलं, ही चूक होती. तुझ्या बाबतीतही आमच्याकडून तेच झालं. स्टेशनवर डबा दिला, सूचना दिल्या, आणि ढगात सोडून दिलं.

म्हणून आज सकाळी मी दवबिंदूतलं बिऱ्हाड पुरं होऊ दिलं. आकडा तीनचा दोन झाला. बघवत नव्हतं, तरी बघितला. राजधानीत एकच पहारेकरी होता, तो सोबतीला दिला. आता तू ओरडशील, "राजधानी उघडी टाकलीत? हा काय खेळ झाला?" असू दे. तट मी उगाच बांधला नव्हता, असं म्हणायला आता कारण मिळालं. उत्तरेकडे लुटारूंचा धूर दिसतो आहे. ते येतील किंवा येणार नाहीत. बिऱ्हाड नदीच्या वळणाशी पोचलं आहे. जागा छान आहे. पाणी आहे, मागे टेकडी आहे, आणि ढग थोडे मागे सरकलेत.

खेळाच्या माहितीच्या पानावर एक नियमही वाचला. शहरातून कितीही बिऱ्हाडं निघाली तरी आकडा एकच्या खाली जात नाही. एक घर राहतंच. दिवा लावायला, दार उघडायला.

आता तुझा प्रश्न. मी 'ये' म्हणत नाही.

तुझी खोली तशीच आहे, चादर धुतलेली आहे, आणि तू आत्ता जिन्यात उभी राहिलीस तर मी हे पत्र फाडून टाकीन, हेही खरं. पण मोडलेल्या हाताचं म्हातारं माणूस आणि पत्र्याच्या खोलीतली एक वाईट दुपार, एवढ्यावर तू परत यावंस असं मला वाटत नाही. खुंट्या पुन्हा ठोक. पातळी साधेपर्यंत यंत्राला हात लावू नकोस. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन कधी येतं ते बघून मला कळव. आई महिनाभर सोबत आहे, तिच्याशी भांड, तिच्या हातचं खा. खेळात परत शिरायची कळ नाही. आपल्या घराला आहे, आणि ती कुठे जात नाही, म्हणून आजच दाबायची घाई करू नकोस. महिन्यानंतरही यावंसं वाटलं, तर मला विचारू नकोस. सरळ ये.

नदीकाठी गाव वसवलं आहे. नावाची चौकट रिकामी सोडली आहे. माझ्या नावांना तू हसतेस, तेव्हा हे तू ठेव.

बाहेर चांगलं लख्ख ऊन पडलंय, टिटवे. दवबिंदू अजून आहे.

माझी फेरी मी संपवली. आता तुझी.

दवबिंदूत राहिलेला,
तुझा आजोबा