त्रेचाळीस रेघा

३ मार्च
वन्संनी आज उकळत्या पाण्याचं भांडं भिंतीवर फेकलं! शिंतोडे माझ्या पायावर. ह्यांनी बहिणीचे केस धरून तिला बाथरूममध्ये कोंडलं. आत त्या डोकं आपटत होत्या — धाड, धाड.

तिकडे मनोरुग्णांच्या संस्थेत अकरा महिने शहाण्यासारख्या राहिल्या. शर्टांना गुंड्या लावायला शिकल्या. घरी आणून तीन आठवडे होत नाहीत तोच! यापूर्वीही दोनदा हेच.

पण मी देवापुढे शब्द दिलाय — माझ्या हातचं खाऊ घालून वन्संना बरं करीन. तो कसा मोडू?

५ मार्च
खालच्या कारखान्यात दिवसभर पत्रा ठोकतात. वन्सं म्हणतात, "वहिनी, ते माझी हाडं ठोकतायत." खिडक्या लावून घेतल्या. जीव गुदमरला, पण लावल्या.

७ मार्च
कारखान्याला सुट्टी. सगळं चिडीचूप. तरी वन्संनी आरसा फोडला, काच घेऊन ह्यांच्या अंगावर गेल्या! ह्यांनी त्यांना चपलेने बडवलं. मी मध्ये पडले तर माझ्याही कानाखाली. वर — "तुझेच लाड!" दात हलतोय. मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या.

मग ठोकाठोकीचा दोष नव्हता?

९ मार्च
संस्थेतली नर्सबाई आली. मी गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली — एक चुकलेली नाही.

"गोळ्या ठीक आहेत हो. स्किझोफ्रेनिया उलटतो तो आरडाओरड्याच्या घरात. दिवसातून किती वेळा ओरडता त्यांच्यावर?"

"छे! कामापुरतं."

"हिशेब चोख ठेवता ना तुम्ही? मग दर ओरडण्याला एक रेघ मारा. कोण ओरडलं तेही लिहा."

ती गेल्यावर हे गरजले, "आता काय घरात तोंडाला कुलूप लावायचं?" मी पहिली रेघ मारली.

१० मार्च
त्रेचाळीस. ह्यांच्या सोळा. माझ्या सत्तावीस!

पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. "गिळा एकदाचं." "देवाला हात लावू नका." "कशाला जन्माला आलात!" — हे शेवटचं मी बोलले तेव्हा माझ्या हातात जपमाळ होती.

१२ मार्च
सकाळपासून मी तोंड मिटून होते. वन्संनी तासभर निवांत वाटाणे सोलले! एक दाणा माझ्या तोंडात घातला.

मग हे जेवायला आले. भाजी अळणी झाली होती. ताट माझ्यावर भिरकावलं, ते लागलं वन्संच्या कपाळाला. चार टाके. रक्त डोळ्यात जात होतं तरी त्या मलाच विचारत होत्या, "वहिनी, लागलं का हो?"

देवापुढे बसले. म्हटलं, शब्द परत घेते. काय शिक्षा करायची ती मला कर. वन्संना उद्या सकाळी संस्थेत पोहोचवते.

१३ मार्च
वन्संना संस्थेत सोडलं. निघताना त्यांनी मनगट धरलं. "वहिनी, माझ्या शेजारची खाट रिकामी आहे. तुम्ही पण राहा. इथे कुणी मारत नाही."

ही ओळ त्या खाटेवर बसून लिहितेय. घरी कळवलेलं नाही.