सुजीतला आश्रय देण्याविषयी

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी

चि. सौ. साधना हिस,
दादाचे मनःपूर्वक आशीर्वाद.

माझ्या सिद्धांतच्या घरी माझी पूजा व पारायण निर्विघ्न चालू आहे. तुझी गुडघेदुखी कशी आहे?

काल अमेरिकेहून तुझ्या सुजीतचा फोन आला. "मामा, व्हिजिट व्हिसा काढा. तिथे मला कोण ओळखतंय? तुमच्याकडे म्हणतात ना, खलास, विषय संपला!" असे म्हणून तो चक्क हसला. माझा संताप अनावर झाला.

तू लिहितेस, त्या लहान मुलीबाबतच्या गुन्ह्याची शिक्षा त्याने भोगली. आता केवळ घर बदलल्याचे पोलिसांना कळवले नाही म्हणून पुन्हा तुरुंग, हा अन्याय आहे, असे तुझे म्हणणे. साधना, तिथे अशा गुन्हेगाराने प्रत्येक नवा पत्ता पोलिसांना कळवायचाच असतो, म्हणजे शेजाऱ्यांना सावध राहता येते; हा विसराळूपणा नव्हे. शाळेसमोर घर घेऊन तो जाणूनबुजून गप्प राहिला! शेजारच्या आयांनी कोणत्या विश्वासाने मुलींना बाहेर खेळायला सोडले असेल?

आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा आरंभच सभेपुढे स्वमुखाने पाप सांगण्यापासून होतो. तिथला कायदा याहून अधिक काय मागतो?

माझ्याकडे रोज संध्याकाळी आसपासची मुले स्तोत्रे शिकायला येतात. नात इराही त्यांत बसते. त्याच दिवाणखान्यात मी सुजीतचे अंथरूण घालू?

त्याला सांग, आधी पोलिसांपुढे उभा राहा. वकील सिद्धांत पाहील, तुरुंगात पत्रे मी लिहीन. शेवटी तो माझा भाचा आहे. पण लपण्यासाठी इथे आला, तर त्याचा पत्ता मीच कळवीन.

माझ्यावर रागाव, पण जेवणे सोडू नकोस.

तुझे सदैव हित चिंतणारा,
सूर्यकांतदादा