डिकीतला फणस

मंगळवार, संध्याकाळ

आईला खेडला मावशीकडे नेऊन आणलं. भाड्याची गाडी हातखंब्याला परतही केली. पण तो फणस काही डोक्यातून जात नाही.

मी काय कमी खटपट केली? शनिवार-रविवारी दर जास्त, म्हणून सोमवार-मंगळवारची रजा टाकली. आठवडाभर चार ठिकाणी फोन करून, घासाघीस करून दोनशे रुपये उतरवून घेतले. स्वतःवरच खूश होते मी.

आणि गाडीच्या मालकांनी डिकी उघडली, तर आत अख्खा फणस! वाटलं, आई उतरवायला विसरली असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर आई शांतपणे म्हणते, "अगो, शेजारणीचं भांडं रिकामं परत देतेस काय? मग गाडी कशी देतेस?"

मालक हसतच सुटले. फणसावर टिचकी मारून म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी मोठी गाडी न्या. भाडं हेच. घरी आणूनही देईन."

म्हणजे माझे आठवडाभराचे फोन एकीकडे आणि आईचा एक फणस एकीकडे. राग यायला हवा होता का? नाही आला.

आत्ताच आईने विचारलं, "मोठ्या गाडीची डिकी केवढी असते गो?"