आवाज कमी

सोमवार
छपाईचं हे दुकान मला खरं कितीला पडलं म्हणाल, तर बायकोच्या लांबलचक अबोल्याला. बाकी सगळं झकास! निम्मं आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलं, तरी कान शाबूत आहेत. दाराशी कोण आलं ते मी नुसत्या चपलांच्या आवाजावरून ओळखतो. जुन्या मालकाची टायपिस्ट दुकानासोबतच मिळाली. बाईंच्या चपला फटफट वाजतात, हात चालतो, तोंड त्याहून जास्त.

मंगळवार
बाईंनी कॉम्प्युटरवरचा टूलबार शिकवला. माऊसने फोटो धरला की वर फोटोची बटणं येतात, तक्ता धरला की तक्त्याची. काहीच धरलं नाही, तर काहीच येत नाही. दोन फोटो एकदम धरले तरच ‘अदलाबदल’ उजळतं. म्हणाल्या, “त्याला बरोबर कळतं मालक, तुमचा डोळा कशावर आहे ते!” फाइल बंद केली की केलेलं मागे घेणारं ‘अनडू’ मेलं, हेही बजावलं. मग लेकीला झोपवताना काय गातात ते गाऊन दाखवलं. सगळंच्या सगळं. माझं डोकं उठलं.

बुधवार
ओळखपत्रांसाठी आम्हा दोघांचे फोटो एका फाइलमध्ये घेतले. बाईंचा धरला, तर वर नवाच टॅब: ‘आवाज’. त्यात ‘कमी’. म्हटलं, बघू तरी गंमत. शेवटपर्यंत दाबत गेलो. फाइल सेव्ह केली, बंद केली.

गुरुवार
बाई गळ्याला रुमाल बांधून आल्या. ओठ हलतात, आवाज नाही. कागदावर लिहिलं, ‘मालक, आता मजा आहे तुमची.’ मी हसलो. हसलो मी!

शुक्रवार
फाइल उघडली. ‘अनडू’ विझलेलं. ‘वाढवा’ही विझलेलं. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. लेक आईच्या ओठांकडे बघत रडत झोपते म्हणे. बाईंना सांगायला तोंड उघडलं आणि— चहा घेणार का, एवढंच विचारलं.

शनिवार
माऊसला हात लावलेला नाही. तरी वर टॅब— ‘कान’. त्यातही ‘कमी’. धरल्याशिवाय तर येत नाही. मग धरलंय कुणी— कुणाला—

रविवार
दोघी मायलेकींना बोलावलंय. सगळं सांगून टाकणार. त्याआधी दोन्ही फोटो धरले. बाईंचा. माझा. म्हटलं, माझा आवाज जाऊ दे, त्यांचा येऊ दे. ‘अदलाबदल’ उजळलं— दाबलं.

मान वर केली तर बाई समोर. लेक कडेवर, हसतेय. बाई गातायत— गात असाव्यात. पायात त्याच फटफट वाजणाऱ्या चपला. मला ऐकू आल्या नाहीत—