पाचचा फोन

प्रिय ठोंब्या,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला वाटेल, ताईचं डोकं फिरलं. अजून फिरलेलं नाही, पण लक्षणं तीच आहेत. फोनच केला असता, पण आई-बाबांचं घर विकायचा विषय काढला की नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. चष्म्याच्या दुकानात खरंच एवढी गर्दी असती, तर एव्हाना तू दुसरं दुकान टाकलं असतंस. ते असो. हे पत्र एकट्याने वाच आणि मध्येच सोडू नकोस.

आधी माझ्या कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर चालतो, म्हणजे दुसऱ्यांच्या संगणकांवर आम्ही भाड्याने जागा घेतो. सर्व्हर चालू आहे तोवर त्याचं मीटर टॅक्सीसारखं फिरत राहतं. कुठला आजारी पडलाय, कुठला उगाच चालू राहिलाय, याच्यावर नजर ठेवायची हे माझं काम. याच ऑफिसात बाबांनीही शेवटपर्यंत हेच केलं. त्यांची खिडकीजवळची खुर्ची काही मला मिळाली नाही, त्यांच्या जुन्या कटकटी मात्र सगळ्या मिळाल्या.

यंदा खर्च बघायला नवे साहेब आलेत. आम्ही त्यांना मागून खजिनदार म्हणतो. क्लाउडचं बिल आलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू कुणी त्यांच्याच खिशात हात घातलाय. त्यांनी फर्मान काढलं, बेवारस सर्व्हर शोधून काढा. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरला मालकाच्या नावाची चिठ्ठी असते. ती नसेल आणि कुणी 'माझा' म्हणत नसेल, तर आमची एक रीत आहे. तो सरळ बंद करायचा आणि कोण ओरडत येतं ते बघायचं. हसू नकोस, आमच्या धंद्यात मोठमोठे लोक हेच करतात. ओरडला तो मालक. आठवडाभर कुणीच ओरडलं नाही, तर सर्व्हर कायमचा पुसून टाकायचा.

असा एक मला सापडला. अगदी इवलासा, बिलात दिसेल न दिसेल एवढा. चिठ्ठीवर मालकाच्या जागी नुसतं 'घर' लिहिलेलं. ऑफिसभर विचारून झालं, सगळ्यांनी हात वर केले. सोमवारी दुपारी मी तो बंद केला. ऑफिसात कुणी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर माझा मोबाइल वाजला आणि त्यावर 'आई' असं नाव आलं.

घरचा नंबर मी अजून त्याच नावाने ठेवलाय. उचलला तर पलीकडे कुणी बोलेना, पण हॉलमधल्या पंख्याची ती खरखर स्पष्ट ऐकू येत होती. 'कोण आहे? कोण आहे?' असं मी विचारलं, तर रिसीव्हर हळूच ठेवल्याचा आवाज आला. मंगळवारीही तसंच. त्या रात्री मी तुला सहज विचारल्यासारखं विचारलं, घराकडे गेला होतास का. तू म्हणालास, आई गेल्यापासून फिरकलो नाही, किल्ली दलालाकडे आहे, लाइट आणि फोन बंद करायचे तेवढे राहिलेत.

मग मी तो सर्व्हर उघडून बघितला. आत सगळं बाबांच्या हातचं होतं. त्याला काम एकच, रोज संध्याकाळी पाच वाजता घरी फोन लावायचा आणि बाबांचा आवाज ऐकवायचा. "मी बोलतोय. बरी आहेस ना? बरी असलीस तर एक दाब. परत ऐकायचं असेल तर नऊ." आम्ही सर्व्हरला जसं सारखं 'आहेस ना रे बाबा' विचारत असतो, तसं ते आईला विचारत होते. तिला बीपी, बाबा इकडे शिफ्टमध्ये अडकलेले, तिच्याकडे बघायला सांगणार कुणाला? बाबा गेले आणि सर्व्हर चालूच राहिला. आई म्हणायची, पाच वाजता ह्यांचा फोन येतो, आणि आपण एकमेकांकडे बघायचो. तू तर डॉक्टरसुद्धा शोधून ठेवला होतास. ती खरं सांगत होती रे. मी ऑफिसात हमसून हमसून रडले. खजिनदार बिचारे पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं बिलावरून बोलले ते मला लागलं.

प्रत्येक फोनची नोंद तिथे राहते. आईच्या नोंदी आईसारख्याच आहेत. फोन उचलला, एक दाबलं, ठेवला. गॅसवर काहीतरी ठेवून आलेल्या बाईला कुठला वेळ? नऊ तिने कधीच दाबलं नाही, जन्मभर ऐकलंय म्हणाली असती. ती गेल्यावर फोन नुसताच वाजत राहिलाय. आणि मग एके दिवशी कुणीतरी उचलला. नऊ. परत नऊ. परत नऊ. खूप वेळाने एक. तेव्हापासून हेच चाललंय. दलालाला विचारलं, तर किल्ली त्याच्याकडे कधी आलीच नव्हती. तो तू होतास, ठोंब्या. आई गेली तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून मी तुला दगड म्हणाले होते. तू त्या बंद घरात बसून बाबांना पुन्हा पुन्हा ऐकतोयस, हे डोळ्यांपुढे आलं आणि तो शब्द मी मनातल्या मनात परत घेतला.

इथवरच असतं तर मी फोन करून तुला मनसोक्त रडवलं असतं आणि घर विकायचं दोघांनी मिळून रद्द केलं असतं. पण मागच्या महिन्यात तू दाढ काढायला माझ्याकडे आला होतास. गाल धरून सोफ्यावर पडलेला, आणि घराची एकुलती एक किल्ली तुझ्या बॅगेत. तुझी बॅग मीच लावली, मी ती पाहिली आहे. पाच वाजता तू रोज माझ्या डोळ्यांसमोर होतास. त्या दिवसांच्या नोंदी मी इतक्यांदा बघितल्यात की आता डोळे मिटले तरी दिसतात. फोन उचलला, एक दाबलं, ठेवला. लगेच. नऊ एकदाही नाही.

गुरुवारी घराचे कागद व्हायचेत आणि खजिनदार सर्व्हर पुसायची तारीख मागताहेत. दोन्हीकडे सही माझी लागते, आणि माझा हात धजत नाही. सर्व्हर मी परत चालू केलाय, चिठ्ठीवर माझं नाव घालून. त्या दिवसापासून घरून मला फोन आलेला नाही. पत्र कुरियरने पाठवतेय, म्हणजे माझ्याआधी पोचेल. बुधवारी दुपारी मी येते. तोवर तू तिकडे पाऊल टाकू नकोस, रागावून नाही, हात जोडून सांगते. मी आले की दोघं जाऊ, कुलूप उघडू, हॉलमध्ये शेजारी शेजारी बसू. पाच वाजता फोन वाजेल. तो तू उचलायचा नाहीस आणि मीही उचलणार नाही.

पोचेपर्यंत जिवात जीव नसलेली,
तुझीच
ताई