‘बा’चा अर्थ

उल्हासनगर – ४
९ सप्टेंबर १९८६

चिंतूच्या बाबांना सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहोत, माईंचे गुडघे तेवढे सोडून. मस्कतचा उकाडा आता कमी झाला असेल. जेवण वेळेवर करत जा.

तुमच्या पत्रातली गंमत माईंना वाचून दाखवली. तुमच्या साइटवरचा फिलिपिनो फोरमन म्हणाला ना, की त्यांच्या भाषेत ‘बा’ला स्वतःचा असा अर्थच नाही, वाक्यात घातला की त्याचा प्रश्न होतो? माई म्हणाल्या, “म्हणजे आपल्या ‘का’सारखं. पण माझा नातू ‘बा’ म्हणतो तेव्हा प्रश्न विचारत नाही, बापाला हाक मारतो. आमच्या सोनिवलीला सगळी पोरं बापाला बाच म्हणायची.”

चाळीत मात्र एकमत नाही. शेजारच्या लाजवंतीचाची म्हणतात, सिंधीत ‘ब’ म्हणजे दोन. चिंतूने ‘बा’ म्हटलं की त्या त्याच्या हातावर दोन बिस्किटं ठेवतात. “देखो, मेरा सिंधी बच्चा. एक से नहीं मानता.” वरच्या हेगडेबाईंच्या कानडीत ‘बा’ म्हणजे ये. तो आपल्यालाच बोलावतोय म्हणून त्या हातातलं काम टाकून जिना उतरतात. गुजराती वाणी जेठाभाईंच्या घरात आईला बा म्हणतात, तर त्यांची म्हातारी याचं ‘बा’ ऐकून डोळे पुसते. एका अक्षरावर पोरगा सगळ्यांच्या कडेवर फिरून येतो.

अडीच वर्षांचा झाला, अजून दुसरं काही बोलत नाही. माई म्हणतात, तुम्हीही उशिराच बोललात.

गेल्या आठवड्यात गल्लीत एक टेम्पो त्याच्या जरा जवळून गेला. काही झालं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून लिहिलं.

नवी कॅसेट एवढ्यात पाठवू नका. टेप बिघडलाय.

तुमची
कुमुदिनी


उल्हासनगर – ४
५ ऑक्टोबर १९८६

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खोलीत कुणी नसताना वाचा.

टेप बिघडलेला नाही. तुमची कॅसेट आली तेव्हा मी चिंतूला टेपसमोर बसवलं होतं. तुम्ही “चिंत्या, ए चिंत्या” म्हणत होता, मधेच हसलात. तो कॅसेटची फिरणारी चाकं बघत बसला. मी आवाज वाढवला, एवढा की माई आतून ओरडल्या. त्याची नजर चाकांवरून हलली नाही.

तेव्हापासून मला भीती वाटते. सांगितली तर खरी होईल म्हणून कुणाला सांगितली नाही. त्याच्या पाठीमागे जाऊन मी ताट पाडायचे. कधी तो वळायचा, फरशीचा हादरा लागून असेल, पण तेवढ्यावर मी पुढचे काही दिवस काढायचे. एरवी सगळे त्याच्या ‘बा’चं कौतुक करत असायचे, आणि मीही हसत उभी राहायचे.

टेम्पो नुसता जवळून गेला नव्हता. चिंतू गल्लीच्या मधोमध मातीत खेळत होता. कापडाचे गठ्ठे भरलेला टेम्पो मागून आला. पोर उठेल म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवतच राहिला. मी नळावर होते. माझ्या तोंडून हाक फुटली नाही. हाकेचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, आणि पायही हलेनात. चाचींनी ओट्यावरून उडी टाकून त्याला ओढलं. त्यांचं कोपर फुटलं. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, “बहिरा है क्या?”

तो रागाने म्हणाला. पण चाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

“कब से मालूम है?”

“यांची कॅसेट आली तेव्हापासून.”

“और हम दो बिस्किट, दो बिस्किट करते रहे,” एवढंच बोलल्या त्या.

परवा त्याच मला मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. माईंना लस टोचायची आहे असं सांगितलं. एका बंद खोलीत त्याच्यामागे घंटा वाजवल्या, मग ढोल. तो माझ्या बांगड्यांशी खेळत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काही बोलतो का?” मी घाईने म्हटलं, “बा म्हणतो. वडिलांना.”

त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, “ओठ मिटून उघडले की हा आवाज होतो. सगळीच बाळं तो काढतात, ऐकू न येणारीसुद्धा. बाळ तो कुणाला उद्देशून काढत नसतं. मोठी माणसं त्याला अर्थ देतात. म्हणून कुठे त्याचा बाप झाला, कुठे आई.”

मला वाटलं, त्यांनी तुमची हाक काढून घेतली.

उजव्या कानाने काहीच नाही. डाव्यात थोडं आहे. यंत्र लावून, शिकवून बोलू शकेल. किती, ते आज सांगता येत नाही म्हणाल्या.

घरी येऊन माईंना खरं सांगितलं. त्या मला दोष देतील असं धरूनच मी उभी होते. त्यांनी भिंतीवरचा तुमचा फोटो काढून मांडीवर घेतला, चिंतूचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि फोटोकडे बोट करून म्हणाल्या, “बा.” तो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. त्या पुन्हा म्हणाल्या. रोज सकाळी हेच चालू आहे. अजून त्याने फोटो बघून काही म्हटलेलं नाही.

मला रस्त्याची भीती वाटते, शाळेची वाटते, आपल्या मागे त्याचं काय होईल याची वाटते. आणि आजपासून तुमच्या उत्तराची. तरी लवकर लिहा. रागावला असाल तर तेही लिहा.

रजेवर याल तेव्हा दारातून त्याला हाक मारू नका. तो पाठमोरा असेल तर वळणार नाही, आणि तुम्हाला ते सोसणार नाही. समोरून या. खाली बसा. आधी त्याला तुमचं तोंड नीट बघू द्या.

तुमची
कुमुदिनी