पायांनी छापलेलं चित्र

शिकेंग, ३ मार्च २०१९

चि. वेई-चंग यास ताईचे अ. उ. आ.

नववर्षाला तू घरी आला नाहीस म्हणून रुसून मी लिहिलं नाही, आणि रुसवा गेल्यावर लिहायची लाज वाटत राहिली. इतके दिवस गप्प बसल्याबद्दल माफ कर. फोनवर आपण भांडतो, कागदावर जरा शहाण्यासारखे वागतो, म्हणून हे पत्र.

आपल्या गावच्या रेडिओ केंद्राच्या भिंतीवरचं मोठं चित्र तुला माहीत आहे. नदीतली वाळू उपसायला यंत्रं आली, त्या वर्षी गावाने मिळून लाकडाच्या फळ्यांवर कोरलेलं. भात लावणाऱ्या बायका, आणि समोर जबडा वासून उभं खोदयंत्र. देवळाच्या अंगणात फळ्यांना शाई फासली, वर कापड अंथरलं आणि ढोलाच्या तालावर सगळे अनवाणी नाचलो, तेव्हा ते उमटलं. ते आम्ही पहिल्यापासून खुलं ठेवलं. कुणीही घ्यावं, बदलावं, विकावंसुद्धा. अटी दोनच: शिकेंगच्या मंडळींचं आहे हे सांगायचं, आणि त्यातून जे कराल तेही असंच खुलं ठेवायचं.

आता तुमच्या तैपेईतल्या एका चहाच्या कंपनीने ते पिशव्यांवर छापलंय. खोदयंत्र गायब, बायका हसऱ्या, गावाचं नाव कुठेच नाही. वर वकिलाची नोटीस आलीय की हे चित्र त्यांच्या चित्रकाराने नव्याने काढलंय, त्यांच्या नावे त्याची नोंद झालीय, तेव्हा आम्हीच आमचं चित्र महिनाअखेर भिंतीवरून उतरवावं. तोंडी निरोप मात्र गोड आहे. मूळ चित्र माझ्या एकटीचं असं लिहून देऊन मी हक्क त्यांना दिले, तर ते चित्र भिंतीवर राहू देतील.

पहिलं रेखाटन माझं, हे खरं. पण आ-छिन काकूने बायकांच्या कमरा बदलायला लावल्या. म्हणाली, तुझ्या बायका चिखलात उतरलेल्या नाहीत, लग्नाच्या फोटोला उभ्या राहिल्यात. खोदयंत्राचे दात आ-तेत काकाने कोरले. सही करावी तर खोटं, न करावी तर भिंत उघडी पडेल. तू जाहिरातीत आहेस, तुला यातलं कळतं. काय करू ते सांग.

माझी माया तुझ्यावर आहेच. तिला उत्तराची जोड दे.
ताई

तैपेई, ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याबद्दल म्हणायचे ते खोटं नाही. आमची जिन-लान जेवायला बसली की आधी भातालाच विचारते, तू नक्की भात आहेस ना? तशीच राहिलीस.

सही करून टाक. चित्र भिंतीवर राहील, रेडिओला ताप होणार नाही, काकूला फरकसुद्धा कळणार नाही. तुम्ही फाटक सताड उघडं ठेवलंत, मग कुणी आत आलं तर ओरडायचं कशाला? आणि कंपनीच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पिशवीच्या बंदापाशी खोदयंत्र नेमकं कापलं जात होतं, ते काढावंच लागतं. ते काढलं की मागचा डोंगर डावीकडे सरकवावा लागतो, नाहीतर जागा ओकीबोकी दिसते. आमच्या कामात हे रोजचंच आहे.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी मला मनातून काढू नकोस.
वेई-चंग

शिकेंग, १४ मार्च

चि. वेई-चंग यास अ. उ. आ.

काल रेडिओच्या खोलीत सगळे जमले. तुझा सल्ला मी वाचून दाखवला. माझं मत मात्र लपवलं नाही. सही केली तर निदान चित्राचं रक्षण तरी करता येईल, असं मलाही वाटत होतं. राखायचं म्हणजे आधी आपलं म्हणावं लागतं ना? काकूने वाटाणे सोलता सोलता विचारलं, म्हणजे तू मेल्यावर आमच्याच पायांचे ठसे बघायला तुझ्या लेकाची परवानगी काढायची का? आ-तेत काका म्हणाला, उतरवायचं असेल तर वकिलाला पाठवा, शिडी मी धरतो. नीट धरीन असं मात्र कबूल करत नाही.

सही होणार नाही.

मग सगळ्यांनी मिळून ती पिशवी न्याहाळली. कोरताना माझी एक चूक झाली होती. कागद फळीवर पालथा चिकटवायचा असतो, मी सुलटाच चिकटवला, त्यामुळे छापल्यावर सगळ्या बायका डावखुऱ्या निघाल्या. काकू तेव्हा भडकली होती, डाव्या हाताने भात तुझ्या सासरी लावतात का म्हणून. हौसेने नाचून झालं होतं, कापड वाया घालवायचं नव्हतं, तसंच ठेवलं. कंपनीच्या चित्रकाराने नव्याने काढलेल्या बायकाही सगळ्या डावखुऱ्याच आहेत.

आणखी एक. डोंगर सरकल्याचं मी तुला लिहिलं नव्हतं. मलाच ते काल दिसलं. बंदापाशी काय कापलं जात होतं, हे पिशवी विकत घेणाऱ्याला कसं कळेल? तो चित्रकार तू आहेस का? नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन, आणि तेच मला जास्त जड जाईल.

अंतर देणार नाही, उत्तर काहीही येवो.
ताई

तैपेई, २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, मीच.

साहेबांना गावाकडचं काहीतरी हवं होतं, घाईने. मला गावाकडचं म्हणजे तेच चित्र आठवलं. अटी मला पाठ होत्या. तळाशी शिकेंगचं नाव मी घातलं होतं. साहेबांनी ते खोडलं, म्हणाले, चहावर गावकी नको. मी गप्प बसलो. पुढे नोंदणीच्या कागदावर चित्रकार म्हणून माझं नाव आलं, तेव्हाही गप्प बसलो. तुला सही कर म्हणालो, कारण तू सही केली असतीस तर माझं गप्प बसणं खपून गेलं असतं.

काल मी कंपनीला आणि नोंदणी कार्यालयाला लेखी कळवलं की हे चित्र नवं नाही, शिकेंगच्या चित्रावरून काढलंय, आणि अटीप्रमाणे तेही खुलं आहे. नक्कल सोबत जोडली आहे. साहेब म्हणतात, परत घे नाहीतर शुक्रवारी टेबल रिकामं कर. मी परत घेणार नाही. टेबलावर एक कुंडी आणि चहाचा कप एवढंच आहे, फार ओझं नाही.

काकूला तूच सांग. माझी छाती होत नाही.
वेई-चंग

शिकेंग, २५ मार्च

चि. वेई-चंग यास अ. उ. आ.

काकूला सांगितलं. तिने तुला दिलेल्या शिव्या लिहीत नाही, कागद पातळ आहे. शेवटी म्हणाली, त्या गाढवाला सांग, घरी ये, आणि येताना पाय धुऊन ये, छपाई आहे.

तुझं पिशवीवरचं चित्र खुलं आहे ना, मग आम्ही ते घेतलं. आ-तेत काकाने बंदाच्या बरोबर खाली खोदयंत्र पुन्हा कोरलं, दात आधीपेक्षा मोठे. खाली तुझं नाव घातलंय, शिकेंगच्या मंडळींच्या नावाशेजारी. रविवारी देवळाच्या अंगणात नाचून छापणार, ज्याला हवं त्याने आपलं कापड आणायचं.

मला एकच गोष्ट टोचते. नोकरी तुझी गेली आणि ठाम मी राहिले. असा ठामपणा फार सोपा असतो का? रात्रंदिवस हेच घोळतंय. तू आलास की समोर बसून उत्तर दे, मला बरं वाटावं म्हणून नको.

कंपनीचं नवं पत्र आलंय. आम्ही या प्रकरणाची वाच्यता केली नाही, तर ते नोटीस मागे घेतील. आधीची नोटीस आणि हे पत्र, दोन्हींच्या माथ्यावर ठळक लिहिलंय, ‘गोपनीय’. भिंतीवरचं चित्र जिथे होतं तिथेच आहे.

वाट बघते. कुंडी घेऊन ये.
ताई

ता. क. उद्याचं काम: सकाळच्या हवामानाच्या अंदाजानंतर कंपनीची दोन्ही पत्रं रेडिओवर वाचायची, माथ्यावरच्या शब्दासकट.